घाम आणि ‘घाण’
तुमच्या अंकातला घामावरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘घामावाटे शरीरातली घाण बाहेर पडते’ हे वाक्य खटकलं. ते काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडांचं. घाम म्हणजे जवळपास ९९ टक्के पाणी आणि थोडं मीठ. त्याचं काम अंग थंड ठेवणं, आणि तेही तो वाळला तरच. इथेच आपली मुंबई आडवी येते. मे महिन्यात संध्याकाळी दादरला लोकलमध्ये चढून बघा. हवा आधीच बाष्पाने भरलेली, घाम वाळायचं नाव घेत नाही, नुसता निथळतो. माझा नागपूरकर मेहुणा ४४ अंशांत मजेत फिरतो आणि आमच्याकडे ३४ला हैराण होतो, तो यामुळेच.

वासाचंही तसंच. ताज्या घामाला वास जवळपास नसतोच. काखेतल्या वेगळ्या ग्रंथी वयात येताना जाग्या होतात, त्यांच्या दाटसर स्रावावर त्वचेवरचे जीवाणू ताव मारतात, आणि मग शेजारचा प्रवासी तोंड फिरवतो. (डब्यात वर धरायच्या कड्या ज्याने लावल्या त्याला दंडवत!)

घामोळ्यांवर मात्र एक ओळ तरी हवी होती. घामाच्या नळ्या बुजल्या की घाम आतच अडकतो. आई त्यावर खोबरेल चोपडायची. तेलाने त्या आणखी बुजू शकतात हे मला फार उशिरा कळलं.