‘सगळे बाजार आता एकच झालेत’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मंगळवारी रात्री मामांचा फोन आला. वय ५८, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, आणि म्हणाले की तो जगभरातल्या शेअर्सचा फंड मी काढून टाकतोय, फॉर्म भरून ठेवलाय, सोमवारी देतो. का म्हणून विचारलं तर एक मेसेज पाठवला, तोच जो गेल्या महिन्याभरात मला अजून तीन लोकांकडून आलाय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: जगातले शेअर बाजार आता इंटरनेटमुळे एकमेकांना जोडलेत, कोरिलेशन (दोन बाजार किती एकत्र हलतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९ च्या घरात गेलंय, म्हणून देशोदेशी पैसे विभागण्यात काही अर्थ उरलेला नाही. २००८ आणि २०२० मध्ये सगळे एकत्र पडले हा त्याचा पुरावा. मोठ्या कंपन्या जगभर माल विकतात, म्हणजे एका देशाचा इंडेक्स घेतला की जग घेतलंच. बाहेर गेलं की उरलंसुरलं चलन आणि फी खाते. आणि शेवटी, सगळा पैसा सगळ्यात ताकदवान अशा एकाच देशाच्या बाजारात ठेवा, कारण मोठ्या देशाचा बाजार थांबणाऱ्याला कधीच तोट्यात ठेवत नाही.

मला खरा संताप त्या शेवटच्या वाक्याचा आलाय, म्हणून तिथूनच सुरू करतो. ‘कधीच’ हा शब्द ज्याने लिहिला त्याने जपानचं नाव ऐकलेलं नाही किंवा ऐकून लपवलंय. २९ डिसेंबर १९८९ ला जपानचा मुख्य शेअर निर्देशांक, निक्केई इंडेक्स, ३८,९१५ वर बंद झाला. त्या वेळी एकूण किमतीने जपानचा बाजार जगात पहिल्या नंबरवर होता, अमेरिकेच्याही पुढे. मेसेजमधली ‘सगळ्यात ताकदवान’ ही अट तेव्हा जपान पूर्ण करत होता, आणि हाच मेसेज तेव्हा टोकियोत कोणी लिहिला असता तर त्याला खोडून काढणं अवघड गेलं असतं. तिथले लोक तसं वागतही होते. केनेथ फ्रेंच आणि जेम्स पोटर्बा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये आकडे मांडले होते, त्यात जपानी गुंतवणूकदारांचा शेअर्समधला ९८ टक्के पैसा घरच्याच बाजारात होता (अमेरिकनांचाही ९४ टक्के घरातच, हे पण सांगतो, म्हणजे ही खोड एका देशाची नाही).

मार्च २००९ मध्ये तोच निक्केई ७,०५४ वर आला. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं थांबलेल्या माणसाच्या शंभरातले अठरा उरले. १९८९ चा आकडा परत ओलांडला तो २२ फेब्रुवारी २०२४ ला, ३४ वर्षांनी. लाभांश धरला तर त्यातली काही वर्षं कमी होतात, हे मान्य, पण मामा, तुमच्या ५८ मध्ये ३४ मिळवा आणि मग मला सांगा ‘थांबणारा’ म्हणजे नक्की कोण. शिवाय रिटायर झालेला माणूस नुसता थांबत नाही, तो दर महिन्याला त्यातून काढून खातो. बाजार खाली असताना जी युनिट्स विकून घर चालवलं ती बाजार वर आल्यावर परत मिळत नाहीत, म्हणजे इंडेक्स ३४ वर्षांनी वर आला तरी तुमचा पैसा त्याच्याबरोबर वर येत नाही. ही गोष्ट त्या मेसेजमध्ये एका शब्दाने नाहीये आणि तो फिरतोय नेमका याच वयाच्या लोकांमध्ये.

आता त्याच काळात जगभर पैसा पसरलेल्या माणसाचं काय झालं? त्याच्याकडेही जपान होताच, आणि चांगला चाळीस टक्क्यांच्या आसपास होता, त्यामुळे त्यालाही मार बसला. पण उरलेल्या पैशातला मोठा भाग अमेरिकेत होता आणि तिथला एस अँड पी ५०० (तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स) पुढच्या दहा वर्षांत लाभांशासकट पाचपटीहून जास्त झाला. दोघांनीही १९८९ च्या त्याच महिन्यात सुरुवात केली असती तरी एकाचं म्हातारपण गेलं आणि दुसऱ्याची फक्त सुरुवातीची काही वर्षं वाईट गेली.

यावर मला लगेच उत्तर येतं की जपान अपवाद होता. मग ग्रीस घ्या, १९९९ च्या शिखरापासून २०१२ पर्यंत अथेन्सचा इंडेक्स नव्वद टक्क्यांहून जास्त पडला, आणि तोही त्यातली बहुतेक वर्षं युरोमध्ये, शेजारच्या बाजारांशी जोडलेला असताना. रशिया घ्या, ९ मार्च २०२२ ला एमएससीआयने (जगभरच्या बाजारांचे इंडेक्स बनवणारी कंपनी) रशियन शेअर्स आपल्या इंडेक्समधून जवळजवळ शून्य किमतीला काढून टाकले. जगाच्या इंडेक्समध्ये रशियाचं वजन एक टक्काही नव्हतं म्हणून त्या फंडवाल्यांना ते जाणवलंसुद्धा नाही. ज्याचं सगळं तिथेच होतं त्याच्याशी मात्र कोरिलेशनवर बोलून बघा.

आणि अमेरिकाच घ्यायची म्हणत असाल (मेसेजचा रोख तिकडेच आहे) तर २००० ते २००९ बघा. त्या दहा वर्षांत एस अँड पी ५०० ने लाभांशासकट साधारण ९ टक्के तोटा दिला. दहा वर्षं थांबून तोटा. त्याच दहा वर्षांत, डॉलरमध्येच मोजून, इमर्जिंग मार्केट्सचा (भारत, चीन, ब्राझीलसारख्या विकसनशील देशांच्या बाजारांचा) इंडेक्स साधारण अडीच पट झाला. त्यानंतरच्या दशकात बरोबर उलटं झालं, अमेरिका प्रचंड पुढे गेली आणि बाकीचे मागे राहिले, हे मी नाकारत नाही, त्या काळात जगभर पसरलेल्या माणसाला आपण चुकलो असंच वाटत राहिलं असणार. पण मेसेज लिहिणाऱ्याने फक्त हेच दुसरं दशक बघितलंय आणि त्याला कायमचा नियम समजलाय.

कोरिलेशनचा मुद्दा. हा ऐकायला सगळ्यात शास्त्रीय वाटतो म्हणून लोक गप्प बसतात, तर जरा नीट बघू. कोरिलेशन फक्त एवढंच सांगतं की दोन बाजार आपापल्या सरासरीच्या वर-खाली एकाच वेळी होतात का. ती सरासरी किती आहे हे ते सांगतच नाही. समजा एक बाजार एका महिन्यात ४ टक्के वर जातो आणि पुढच्या महिन्यात २ टक्के खाली. दुसरा त्याच महिन्यांत ३ वर आणि ३ खाली. असंच दहा वर्षं चालू ठेवा. दोघांचं कोरिलेशन १, ०.९ नाही तर पूर्ण १, प्रत्येक महिन्यात दोघे बरोबर चढले आणि बरोबर उतरले. दहा वर्षांनी पहिल्यातले पैसे तिपटीहून थोडे जास्त झालेले असतील आणि दुसऱ्यातले मुद्दलापेक्षा पाच टक्क्यांनी कमी. कागद-पेन घेऊन करून बघा, किंवा एक्सेलमध्ये, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणजे कोरिलेशन कितीही वाढलं तरी कोणत्या बाजारात अडकलो होतो यावरच म्हातारपण ठरू शकतं, आणि ‘कोरिलेशन वाढलं म्हणून विभागणी संपली’ हे वाक्य मुळातच चुकीचं आहे.

२००८ ला सगळे एकत्र पडले हे मात्र खरं आहे. मान्य करायला जिवावर येतंय पण खरं आहे. अमेरिका लाभांशासकट ३७ टक्के पडली, बाकीचे विकसित देश ४३ च्या आसपास, इमर्जिंग मार्केट्स ५३ च्या. बाजार पडतात तेव्हा त्यांचं कोरिलेशन वाढतं, हे लाँजिन आणि सोलनिक या दोन अभ्यासकांनी २००१ मध्येच दाखवलं होतं, म्हणजे विभागणी हवी असते नेमकी तेव्हाच ती सगळ्यात कमी उपयोगी पडते. पण हे इंटरनेटमुळे नव्याने झालंय असं मेसेज म्हणतो ते खोटं. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ इंडेक्स एका दिवसात २२.६ टक्के पडला तेव्हा घराघरात इंटरनेट नव्हतं, तरी जगभरचे बाजार कोसळले, हाँगकाँगचा बाजार उरलेला आठवडा बंद ठेवावा लागला आणि २६ तारखेला उघडला तसा एका दिवसात तिसरा हिस्सा गेला.

याच मुद्द्यावर एक रिसर्च पेपर आहे आणि तो सगळ्यांनी वाचावा असं माझं मत आहे: अॅस्नेस, इस्राएलोव्ह आणि ल्यू, २०११, फायनान्शियल अॅनालिस्ट्स जर्नल. त्यांनी २२ विकसित देशांचे १९५० ते २००८ चे आकडे घेतले आणि साधा प्रश्न विचारला, की फक्त आपल्या देशात पैसे ठेवणारा आणि जगभर ठेवणारा यांचा सगळ्यात वाईट काळ किती वाईट असतो. एखाद-दुसऱ्या महिन्याचं बघितलं तर फरक फारसा नाही, दोघेही बुडतात, कारण तेव्हा सगळीकडची माणसं एकाच वेळी घाबरतात आणि त्याच कमाईला कमी भाव द्यायला लागतात. पण मुदत वाढवत नेली तसा फरक वाढत जातो, कारण लांबच्या मुदतीत भीती ओसरते आणि त्या त्या देशाची अर्थव्यवस्था कशी चालली हेच उरतं, आणि ते सगळ्या देशांत एकत्र बिघडत नाही. म्हणजे मेसेजवाल्याने एका महिन्याचा पुरावा देऊन वीस वर्षांचा निकाल लावलाय. महिन्याभराच्या पडझडीतून वाचायचं असेल तर त्यासाठी ठेवी आणि चांगले बाँड असतात, ते काम दुसऱ्या देशाचे शेअर्स करतील असं समजणं चूकच, पण म्हणून त्यांचं स्वतःचं काम संपत नाही.

बाकीचं पटकन. कंपन्या जगभर विकतात म्हणून एक देश पुरे? टोयोटा, सोनी, होंडा जगभरच विकत होत्या आणि निक्केईतच होत्या, इंडेक्सचं काय झालं ते वर लिहिलंय. नोकियाचे फोन २००० मध्ये जगभर होते आणि हेलसिंकीच्या बाजारातली निम्म्याहून जास्त किंमत त्या एका कंपनीची होती. फिनलंडच्या इंडेक्समध्ये पैसे ठेवणाऱ्याने जग घेतलं नव्हतं, एक कंपनी घेतली होती.

चलन आणि फी यात तथ्य आहे. चलन दोन्ही बाजूंनी हलतं, कधी मारतं कधी तारतं, पण फी एकाच बाजूने जाते, आणि महागडा ग्लोबल फंड असेल तर तो जरूर सोडा. मात्र सोडून स्वस्त ग्लोबल इंडेक्स फंडात जा, एका देशात नाही. मामांच्या फंडाची फी मी काल बघितली, जास्त आहे, तेवढ्यापुरता फॉर्म भरायला माझी हरकत नाही. शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहे, ते एक्सेल घेऊन. तोपर्यंत फॉर्म देऊ नका असं म्हटलंय, आणि त्यांनी हो म्हटलंय.