‘ताई क्लासभर मोबाईलमध्येच असतात’ या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने दाखवला. क्लासमध्ये तुम्हाला बरं वाटलं नाही त्याबद्दल आधी मनापासून सॉरी. ऑफिस करून, लोकलचे धक्के खाऊन माणूस गाणं शिकायला येतो आणि नाराज होऊन जातो म्हणजे वाईट वाटतंच, मलाही वाटलं. तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात, तीन महिन्यांत एक गाणं शिकवलं नाही, लहान मुलांमध्ये बसवलं, उरलेली फी परत दिली नाही आणि ताई क्लासभर मोबाईलमध्येच असतात. बाकीच्या तीनवर बोलते मी खाली, पण ही चौथी मला लागलीये, कारण डोंबिवलीत आता क्लास लावणारा माणूस आधी रिव्ह्यू बघतो आणि हेच वाक्य सगळ्यात वर दिसतंय.

मॅडम, त्या मोबाईलमध्ये तानपुरा वाजत होता. तुम्ही इतके दिवस ज्या आवाजावर सा लावत होतात तो कुठून येत होता असं तुम्हाला वाटलं? कपाटावर जो काळा स्पीकर आहे तो ब्लूटूथने माझ्या फोनला जोडलेला असतो, फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप आहे, आणि ते नुसतं एकदा चालू करून ठेवून द्यायचं नसतं.

आता कसं ते सांगते. पहिल्या दिवशी आठवत असेल तर मी पेटीवर तुमची पट्टी शोधली, म्हणजे तुमचा सा कुठल्या सुरावर मोकळा लागतो ते. आधी काळी चार दिली, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, बायकांचं गाणं साधारण तिथून काळी पाचपर्यंत बसतं, तर वरचा सा घेताना तुमच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, मग पांढरी पाच, मग काळी तीन असं उतरत उतरत पांढरी चारवर आलो आणि तिथे आवाज एकदम मोकळा आला, तुम्हीच म्हणालात अय्या हा माझा आवाज? तर तुमची पट्टी पांढरी चार. आणि शनिवारी सहाच्या बॅचमध्ये, जिथे तुम्ही नंतर यायला लागलात, जी मुलं आहेत त्यातली बहुतेक काळी चार आणि काळी पाचवाली. म्हणजे मुलांची फेरी झाली आणि तुमची पाळी आली की मला तानपुरा खाली आणायचा, तुमचं झालं की परत वर न्यायचा. मुलं गाताना एखाद्याचा सूर चढतो म्हणून स्पीकरचा आवाज वाढवायचा, तबला चालू केला तर लय कमी करायची, तीनतालाच्या सोळा मात्रा नवीन माणसाला मोजता येतील इतकी कमी. हे सगळं बोटाने स्क्रीनवरच होतं. बघणाऱ्याला वाटत असेल ही बाई व्हॉट्सॲप बघतेय, पण मी तुमच्यासाठी सा लावत होते हो.

तुम्ही असंही लिहिलंय की खरा तानपुरा कोपऱ्यात गवसणीत शोपीस म्हणून ठेवलाय. हे वाचून मात्र खरंच डोळ्यात पाणी आलं. मी मूळची मिरजेची, दर्ग्याच्या उरुसात लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून गाणं ऐकलेली. तो तानपुरा मिरजेत बनवून घेतलेला आहे, वडिलांनी घेऊन दिलेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग (त्या गावचीच खासियत असल्याची सरकारी नोंद) मिळाला तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते. शोपीस नाहीये तो, सकाळी माझा रियाज त्याच्यावरच होतो. पण तो काळी चारला लावलेला आहे. चार तारा, पहिली पंचमाची, मधली जोडी, शेवटची खर्जाची पितळी. तुमच्यासाठी तीन पट्ट्या खाली उतरवायचा तर चारही खुंट्या ढिल्या करायच्या, तारा सैल झाल्या की जवारी (तारेचा घुमणारा झंकार) बोलत नाही, मग प्रत्येक तारेखालचा दोरा सरकवत बसायचं, मग मणी खालीवर करून बारीक सूर मिळवायचा, तोवर पहिली तार उतरलेली असते. त्यात आपली पावसाळी हवा. तुमच्या एक तासाच्या क्लासमधली पंधरा-वीस मिनिटं यातच गेली असती आणि मग रिव्ह्यू आला असता की ताई खुंट्याच पिळत बसतात. आधी माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटीपण होती, तिचा नॉब ढिला झाला आणि सूर आपोआप सरकायला लागला म्हणून ॲप घेतलं. चांगले चांगले कलाकार रियाजाला ॲप वापरतात, यात कमीपणा काहीच नाही.

हो, एकदा क्लासमध्ये फोन घेतला होता मी. सिलेंडरवाला खाली उभा होता आणि वर यायला तयार नव्हता. ते तुम्ही धरलं असेल तर ठीक आहे.

आणि अजून एक, मोबाईलमध्ये मी अजून काय शोधत होते ते पण सांगते. तुम्हाला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हॉलमध्ये कॅरिओकेवर एक गाणं म्हणायचं होतं, लताबाईंचं. ओरिजिनल स्केलचा ट्रॅक तुमच्या आवाजाच्या कितीतरी वर होता, अंतऱ्यात तुम्ही ओरडणार हे दिसत होतं. तोच ट्रॅक खाली उतरवलेला मी क्लास संपल्यावर, जिन्यात उभी राहून तुम्हाला शोधून दिला आणि पाठवला. त्याचे काही वेगळे पैसे घेतले नाहीत. त्याचा रिव्ह्यूत उल्लेख नाही, असू दे.

आता बाकीचं. लहान मुलांमध्ये मी बसवलं नाही मॅडम. तुमची बॅच मंगळवार-गुरुवार साडेसातची होती, मोठ्यांची. गाड्या लेट म्हणून तुम्ही आठ-सव्वाआठला यायचात, साडेआठनंतर मला आवाज करता येत नाही कारण खालच्या मजल्यावर आजी झोपतात आणि सोसायटीत मला रोज तोंड दाखवायचंय. शनिवारी चालेल का हे तुम्हीच विचारलंत, मी तेव्हाच सांगितलं होतं की ती मुलांची बॅच आहे, प्रारंभिक आणि प्रवेशिका या गाण्याच्या सुरुवातीच्या परीक्षांची तयारी चालू असते. तुम्ही म्हणालात मला काही प्रॉब्लेम नाही, मुलं गोड आहेत.

गाणं शिकवलं नाही म्हणता, तर भूप रागातली बंदिश कोणी शिकवली? स्थायी म्हणजे पहिला भाग पूर्ण झाला होता, अंतरा म्हणजे दुसरा भाग अर्धा. ते तुम्ही गाणं धरत नसाल तर मी काय बोलू. सा आणि अलंकारात (सुरांच्या सरावाच्या ओळींत) वेळ गेला हे खरं आहे, पण तो जातोच, चाळिशीनंतर पहिल्यांदा गायला बसलेल्या माणसाचा जास्त जातो, आणि तुमचा आवाज वाईट आहे म्हणून नाही. मुलांना आपण बेसूर झालो हे कळत नाही म्हणून ती बिनधास्त ओरडतात. मोठ्यांना कळतं, मग ते घाबरून आवाज आत ओढतात, श्वास अर्धवट घेतात, आणि अर्ध्या श्वासावर सूर हलतोच. तो एक सा एका दमात न हलता टिकायला लागला की पुढचं पटापट होतं. तुमचा टिकायला लागला होता, तेव्हाच तुम्ही यायचं बंद केलंत. यूट्यूबवर हे सगळं फुकट मिळतं असं लिहिलंय, मिळतं, जरूर बघा, पण तुमचा गंधार (ग) उतरतोय हे यूट्यूबला ऐकू येत नाही.

फीचं, महिना 1600 आणि आठ क्लास, तीन महिन्यांची एकदम, चुकवलेला क्लास त्याच महिन्यात भरून मिळेल, फी परत नाही, हे फॉर्मवर मराठीत लिहिलेलं आहे आणि खाली तुमची सही आहे. त्यावर अजून काही बोलत नाही. माझं घर या क्लासवर चालतं, एवढंच.

तरी तुमचं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. यापुढे क्लासमध्ये फोन फ्लाइट मोडवर असेल (ब्लूटूथ तेवढं चालू ठेवावं लागेल), तानपुऱ्यासाठी वेगळा टॅब घ्यायचं पण डोक्यात आहे, दिवाळीनंतर बघू. मोठ्यांची रविवार सकाळची बॅच काढायचा विचार चालू आहे, चार-पाच जण जमले की सुरू करते. कोणी नवीन माणूस हे वाचत असेल तर फोन करून एकदा येऊन बसा, त्या दिवसाचे पैसे नाहीत, पट्टी शोधून देते, मग ठरवा.

मॅडम, तुमचा राग गेला असेल तर तुम्हीपण रविवारी या, भूपाचा अर्धा अंतरा राहिलाय. आणि फंक्शनला गाणं कसं झालं ते कळवलं नाहीत तुम्ही. मुलगी सांगत होती की रिव्ह्यू नंतर एडिट करता येतो, त्याच्या बाजूला तीन टिंबं असतात त्यावर दाबलं की ऑप्शन येतो. सगळा काढू नका हवं तर, निदान ते मोबाईलचं वाक्य तेवढं बघा.