खाट, मुरूम आणि शिळावर्तुळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नवा रस्ता आखण्याआधी तिथल्या जुन्या अवशेषांची पाहणी करा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "पावसाळ्यात आमच्या गावातून पेशंट खाटेवर न्यावा लागते अन् तुम्ही दगडगोट्यांसाठी रस्ता अडवायला निघाले," असं तुम्ही लिहिलं. ती खाट मीही खांद्यावर घेतली आहे. रस्ता व्हायलाच पाहिजे.

मी मागतो ते काम आखणी पक्की होण्याआधीचं आहे. जाणकारांनी नियोजित पट्टा पायी फिरायचा, वावरातली खापरं पाहायची, जुन्या वस्तीची पांढरी माती कुठे लागते ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, नकाशावर मांडायचं. तेव्हा रस्ता थोडा सरकवायचा तर कागदावरची रेघच बदलते. जेसीबी लागल्यावर काही निघालं, तर काम खरंच अडतं, नाहीतर रातोरात सगळं भरावात जातं.

आपल्या विदर्भात मला रस्त्यापेक्षा मुरमाची भीती जास्त वाटते. लोहयुगातली शिळावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडून केलेली त्या काळच्या लोकांची थडगी, बहुतेक बरडावर, मुरमाड उंचवट्यावर आहेत. नागपूरजवळ काटोल रस्त्यालगतचं जुनापाणी पाहून या, तिथे अशी वर्तुळं आहेत. कंत्राटदाराला भरावासाठी तोच मुरूम लागतो. एका गावाजवळ मी पोचलो तेव्हा वर्तुळाचे अर्धे दगड खदानीच्या काठाशी ढकललेले होते. रस्ता तिथून दीड किलोमीटर लांब! रस्त्याचा पट्टा कितीही नीट तपासला असता तरी ते वर्तुळ वाचलं नसतं. म्हणून खदानीच्या जागाही पाहणीत धरा, असं मी पुन्हा पुन्हा लिहितो.

"दगडगोटे" हा शब्द मात्र लागला. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या वर्तुळांत माणसासोबत पुरलेला घोडा सापडला, त्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट. नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. दोन हजार वर्षांहून आधी आपल्याच शिवारात लोखंड गाळणारे लोक होते, भाऊ.

"काही सापडलं की जमीन अडकते," ही तुमची भीती मी समजू शकतो. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगीची अट त्यात आहे, पण ती केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांभोवती. वावरात खापर निघाल्यानं ती लागत नाही. बाकी ठिकाणी माझं मागणं एवढंच : नोंद, फोटो, गरज पडली तर उत्खनन, आणि मग रस्ता. फ्रान्सनं २००१ मध्ये बांधकामाआधीच्या अशा पाहणी-उत्खननासाठी वेगळा कायदाच केला आणि खर्चाचा भार बांधकाम करणाऱ्यांवर टाकला.

तुमच्या रस्त्याची आखणी अजून झाली नसेल तर कळवा. मी येतो. तुम्ही, मी अन् गावातले दोन गुराखी मिळून पट्टा फिरू. बरड त्यांच्याइतका कोणाला माहीत नसतो.