साबणात खोबरेल उरतंच कुठे?

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा: घरी केलेला खोबरेल तेलाचा साबण केमिकलविरहित असतो, कोरडी त्वचा मऊ करतो, लिंबू पिळलं की पीएचही (आंबट-खारटपणाचं, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) त्वचेशी जुळतो, म्हणून तो तान्ह्या बाळापासून सगळ्यांना चालतो.

केमिकलविरहित? कॉस्टिक सोड्याशिवाय (सोडियम हायड्रॉक्साइड, कातडी जाळणारा क्षार) साबणाची वडी होतच नाही. प्रमाण बरोबर असेल तर कॉस्टिक सगळं संपतं, हे खरं. पण त्याच्याबरोबर तेलही संपतं. वडीत राहतो साबण, ग्लिसरीन, थोडं पाणी आणि मुद्दाम जादा घातलं असेल तेवढंच तेल.

‘मऊ करतो’ हे तर जवळपास उलटं आहे. खोबरेलात साधारण निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो आणि मळाबरोबर कातडीचं स्वतःचं तेलही ओढून नेतो. ५०० ग्रॅम खोबरेलाला ९१.५ ग्रॅम कॉस्टिक लागतं. नेहमीच्या कृतीत ५ टक्के कमी, म्हणजे ८७ ग्रॅम घेतात. ती वडी भांड्यांना उत्तम! अंगासाठी २० टक्के कमी घ्या, म्हणजे तेवढं तेल वडीत उरेल: ७३ ग्रॅम कॉस्टिक, १५० ग्रॅम पाणी. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं मुळीच नको. सगळ्यात जास्त चुकतं ते तेल मापाने घेतल्यामुळे. ५०० मिली खोबरेल भरतं ४६० ग्रॅम, त्याला ८४ ग्रॅम कॉस्टिक पुरतं. तिथे ८७ घातलं की ३ ग्रॅम मोकळं राहतं आणि अंगाची आग होते.

लिंबाचं म्हणाल, तर ओल्या वडीवर चिमूटभर हळद चोळा. लाल होईल, चुन्याने होते तशीच. साबण अल्कधर्मीच, पीएच ९ ते १० च्या आसपास. त्वचेचा ५ च्या जवळ. लिंबू घातलं तर ते थोडं कॉस्टिक खातं, तेवढं तेल वडीत जास्त उरतं, इतकंच. पीएच त्वचेइतका खाली आणायचाच म्हटलं तर साबणच फुटेल.

मग चालतो कोणाला? तेलकट अंगाला, चार-सहा आठवडे वाळवलेला, बऱ्यापैकी. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर जादा तेलाची वडी काहींची छिद्रं बुजवते, आणि मुरुमांचं औषध लावत असाल तर कमी तेलाची आणखी सोलून काढते. कोरड्या त्वचेला २० टक्केवालीही रोज नको. इसब असलेल्यांना आणि बाळाला तर नकोच. बाळाला खोबरेल लावायचं असेल तर ते तेल म्हणून लावा.