निजलेल्या कार्डाची विचारपूस

दोन ग्राफिक्स कार्डांचा लॅपटॉप हा एका कार्डाच्या लॅपटॉपपेक्षा श्रेष्ठ असतो, अशी माझी समजूत विक्रेत्याने करून दिली होती, आणि ती करून देताना त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची छटासुद्धा नव्हती. एक कार्ड प्रोसेसरच्याच पोटात बसलेले, अबोल, थोडक्या विजेत भागवणारे. दुसरे स्वतंत्र, दणकट, स्वतःची मेमरी आणि स्वतःचा तोरा बाळगणारे. साधे काम पहिल्याने करायचे, जड काम दुसऱ्याने करायचे, आणि जड काम नसेल तेव्हा दुसऱ्याने झोपी जायचे, असा त्यांच्यातला करार आहे. करारातली पहिली दोन कलमे लिनक्स या माझ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बहुधा विनातक्रार पाळली जातात. मला जे काही सांगायचे आहे ते तिसऱ्या कलमाबद्दल आहे.

माझे काम म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटवणे आणि त्यांतली बरीचशी खोडणे. त्यासाठी त्रिमितीय चित्रे दर सेकंदाला शंभर वेळा रेखाटू शकणाऱ्या कार्डाची गरज पडत नाही. तरीही लॅपटॉप उघडला की पंखा घरघरू लागे, की-बोर्डाची डावी बाजू बोटांना न मागितलेली ऊब देई, आणि बॅटरीचे चिन्ह पाहता पाहता रोडावत जाई. कसलेही काम न करता दोन्ही वेळ पोटभर जेवणारा आणि निघण्याचे नाव न काढणारा पाहुणा घरात असावा, तसे ते दुसरे कार्ड आत बसून होते. पाहुण्याला निदान ‘पुढचा बेत काय?’ असे विचारता येते. कार्डाला काय आणि कुठे विचारायचे, हे शिकण्यातच माझ्या कित्येक रात्री गेल्या.

सुरुवात मोजमापापासून केली. लिनक्समध्ये बॅटरीची खबर ‘सिस’ नावाच्या डिरेक्टरीत खोलवर, एकेका ओळीच्या चिमुकल्या फायलींत ठेवलेली असते. काही लॅपटॉप तिथे विजेचा वापर थेट सांगतात, पण तो मायक्रोवॅटमध्ये. म्हणजे सोळा वॅट म्हणायचे असेल तर १,६०,००,००० असा आकडा समोर येतो आणि क्षणभर आपण घरात वीजनिर्मिती केंद्र चालवत आहोत असे वाटते. माझा लॅपटॉप त्याहूनही संकोची निघाला. तो विद्युतप्रवाह एका फायलीत सांगतो, दाब दुसऱ्या फायलीत सांगतो आणि गुणाकार आपल्यावर सोडतो. शिवाय चार्जर जोडलेला असताना हे आकडे बॅटरीत किती वीज भरली जाते ते सांगतात, लॅपटॉप किती खातो ते सांगत नाहीत. त्यामुळे बॅटरी कशी वाचवावी हे समजून घेण्यासाठी आधी चार्जर काढून तीच बॅटरी संपवावी लागते, आणि अभ्यास जितका सखोल तितकी ती लवकर संपते.

गुणाकार केला. उत्तर सोळा वॅट आले, आणि तेव्हा पडद्यावर त्या गुणाकाराखेरीज काहीही चाललेले नव्हते.

इथे थोडे गणित सांगणे भाग आहे, कारण या व्यसनाचे मूळ त्यातच आहे. बॅटरी अठ्ठेचाळीस वॅट-तासांची धरा. सोळा वॅटने ती तीन तास पुरते. एक वॅट वाचवला तर तीन तास बारा मिनिटे पुरते, म्हणजे एवढ्या खटाटोपाचे फळ बारा मिनिटे. शहाणा माणूस इथेच थांबेल. पण वापर सहा वॅटवर आला की तीच बॅटरी आठ तास चालते, आणि तिथून एकच वॅट कमी केला तर नऊ तास छत्तीस मिनिटे. तोच एक वॅट, पण या वेळी शहाण्णव मिनिटे देऊन जातो! जसजसे खाली जावे तसतसा प्रत्येक वॅट अधिक मौल्यवान होत जातो, आणि जो वॅट सर्वांत मौल्यवान असतो तोच निघता निघत नाही. या गणितात सापडलेल्या माणसाला ‘आता पुरे’ असे म्हणण्याची जागाच उरत नाही.

हा छळ माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही, हे वाचून मला जो आनंद झाला तो सज्जनाला शोभणारा नव्हता. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१० साली ‘ऑप्टिमस’ हे तंत्र आणले. त्यात लॅपटॉपचा पडदा लहान कार्डालाच जोडलेला असतो. मोठे कार्ड चित्र तयार करते आणि ते लहान कार्डाच्या हवाली करते, म्हणजे राबतो एक आणि पडद्यावर मिरवतो दुसरा. विंडोजमध्ये हे आपोआप चाले. लिनक्सवाल्यांसाठी मात्र तेव्हा कंपनीची काहीच सोय नव्हती. त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.३४ या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ‘व्हीजीए स्विचरू’ नावाची सोय आली, जिच्यात एका विशिष्ट फायलीत ‘ऑफ’ एवढा शब्द लिहिला की न वापरलेले कार्ड बंद होई, अर्थात त्या लॅपटॉपच्या मनात असेल तर. ऑप्टिमसवाल्यांसाठी पुढे स्वयंसेवकांनी ‘बंबलबी’ हा प्रकल्प उभारला. त्याच्या इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टमध्ये २०११ साली एक मोकळी जागा चुकून जास्त पडली. एखादा फोल्डर पुसण्याच्या आज्ञेत ‘यूएसआर’ या शब्दानंतर आलेली ती एका अक्षराएवढी मोकळी जागा लिनक्सला असे सांगत होती की, तो फोल्डर राहू दे, अख्खी यूएसआर डिरेक्टरीच पुसून टाक. जवळजवळ सगळे प्रोग्रॅम याच डिरेक्टरीत नांदत असल्यामुळे ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांचा विजेचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने निकालात निघाला.

मग २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्स यांच्या कार्यक्रमात श्रोत्यांपैकी एका बाईंनी आपल्या लॅपटॉपमधल्या ऑप्टिमसचे गाऱ्हाणे मांडले, आणि लिनक्सच्या जनकाने कॅमेऱ्याकडे वळून एनव्हिडियाला मधले बोट दाखवले. त्या बोटाची कीर्ती जगभर झाली. ते ज्या प्रश्नामुळे वर झाले तो प्रश्न विजेच्या बचतीच्या या जुन्या दुखण्यातूनच आला होता, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. मी सभ्य माणूस आहे, त्या हावभावाचे समर्थन करणार नाही. तो व्हिडिओ मी केवळ अभ्यास म्हणून पुन्हा पुन्हा पाहतो. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, २०१९ मध्ये त्याच कंपनीच्या ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हवा तेवढाच प्रोग्रॅम मोठ्या कार्डावर चालवण्याची सोय आली, आणि २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग कुणालाही वाचता-बदलता यावा असा मुक्त केला. बोटाचा आणि या घटनांचा संबंध जोडण्याइतका मी भाबडा नाही, पण जोडायला आवडेल.

आता पुन्हा माझ्या सोळा वॅटकडे वळतो. इंटेलने २००७ साली ‘पॉवरटॉप’ हे साधन काढले, आणि ते प्रथम चालवणाऱ्या माणसाची जगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. आपण स्वस्थ बसलेलो असताना कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सेकंदात किती वेळा हलवून जागे करतो, याची यादी ते देते. प्रोसेसरची बचत त्याला हळू चालवण्यापेक्षा लवकर काम उरकून गाढ झोपू देण्यात असते, हे मला तेव्हा कळले. ब्राउझरमधल्या एका विसरलेल्या टॅबमध्ये लुकलुकणारी जाहिरात माझ्या प्रोसेसरला सेकंदात साठ वेळा उठवत होती. माणसाला कुणी इतक्यांदा उठवले असते तर त्याचा रक्तदाब वाढून प्रकरण पोलिसांत गेले असते. प्रोसेसर बिचारा फक्त तापतो.

पॉवरटॉपच्या एका पानावर लॅपटॉपमधल्या एकेका उपकरणासमोर ‘गुड’ किंवा ‘बॅड’ असा शेरा असतो. माझ्या बहुतेक उपकरणांना ‘बॅड’ मिळाले होते. एवढे नापास पाहून कोणत्याही पालकाच्या हातून जे घडेल तेच माझ्या हातून घडले. सर्वांना एकदम सुधारणारी ‘ऑटो-ट्यून’ची कमांड मी दिली. क्षणात सगळे गुणी झाले. माऊस इतका गुणी झाला की दोन सेकंद हात काढला की झोपी जाई, आणि पुन्हा जागा होण्यासाठी त्याला क्लिक करून विनवावे लागे. ते क्लिक कुठे पडले हे त्याने उठल्यावर कळे, आणि कधी कधी ते अशा बटणावर पडलेले असे की पत्र अर्धवटच रवाना होई. ध्वनीचे सर्किटही काटकसरी झाले. आवाज नसताना ते बंद पडे आणि आवाज आला की ‘टक्’ असे म्हणून सुरू होई, त्यामुळे प्रत्येक सूचनेच्या मंजुळ घंटेआधी कुणीतरी दारावर टिचकी मारल्याचा भास होई. वायफायनेही डुलक्या काढायला सुरुवात केली. या साऱ्याच्या बदल्यात मिळाला एक वॅट, तोही बारा मिनिटेवाला.

ही कामे नीट करणारे ‘टीएलपी’ नावाचे एक उत्तम साधन आहे. ते बसवून विसरून जावे असे सगळे जाणकार सांगतात, आणि ते खरेही आहे. अडचण एवढीच की, डेस्कटॉपवर बरेचदा ‘पॉवर प्रोफाइल्स डीमन’ नावाचा दुसरा कारभारी आधीच नेमलेला असतो, आणि एकाने कमी केलेले दुसरा वाढवतो. त्यांतला एक काढावा लागतो. मी काढला, माऊसला जागे राहण्याची लेखी सवलत दिली आणि मुख्य आरोपीकडे वळलो.

आधुनिक कर्नलमध्ये कार्डाला झोपवण्याची रीत दिसायला अगदी सोपी आहे. प्रत्येक उपकरणाच्या नावाने एक ‘कंट्रोल’ फाइल असते. तिच्यात ‘ऑन’ असेल तर उपकरण सदैव जागे, ‘ऑटो’ असेल तर काम नसताना झोपण्यास मुभा. मी ‘ऑटो’ लिहिले. कार्ड जागेच. ड्रायव्हर बदलला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर एक आडवी रेघ लुकलुकत राहिली आणि त्या अवस्थेत विजेचा वापर खरोखर बराच कमी असणार, पण तो मोजण्याची सोय नव्हती. ते निस्तरून पुन्हा पाहिले, तर कार्ड जागेच. अखेरीस उलगडा झाला तो असा: या कार्डाच्या अंगावर एचडीएमआयमधून आवाज पाठवणारे एक चिमुकले ध्वनियंत्रही असते, कर्नल त्याला वेगळे उपकरण मानते आणि दोघांचा वीजपुरवठा एकच असतो. ज्या जोडणीला मी कधी स्पीकर लावलेला नाही तिच्यातून आवाज पाठवण्याच्या तयारीत ते यंत्र ताटकळत बसले होते, आणि ते जागे म्हणून कार्डही जागे. त्याच्याही फायलीत ‘ऑटो’ लिहिले. पंखा थांबला. आकडा घसरत घसरत साडेसहा वॅटवर आला, आणि घरात इतकी शांतता पसरली की भिंतीवरचे घड्याळ किती मोठ्याने वाजते ते मला प्रथमच समजले.

आता कोणत्याही माणसाला होईल तोच मोह मला झाला: कार्ड खरेच झोपले आहे ना, हे पाहावे. जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय’ ही कमांड दिली. ती प्रत्येक उपकरणाकडे जाऊन त्याची माहिती वाचते, आणि माहिती वाचता यावी म्हणून झोपलेल्याला आधी उठवले जाते. यादी आली, कार्ड उठले, आकडा चढला. थोड्या वेळाने ते पुन्हा निजले. मी पुन्हा पाहिले. ‘झोपलास का?’ असे विचारून झोपमोड करणारी माणसे मला लहानपणापासून आवडत नाहीत, आणि आता मी स्वतः अर्धी रात्र तेच करत होतो. न उठवता खबर देणारी ‘रनटाइम स्टेटस’ नावाची एक फाइल आहे. ती वाचल्यास ‘सस्पेंडेड’ असे उत्तर मिळते आणि कार्डाला पत्ताही लागत नाही. ही फाइल सापडल्यावर माझा आनंद गगनात मावेना. पण तरीही कार्ड दर काही सेकंदांनी उठतच होते, आणि त्याला उठवत होते पडद्याच्या कोपऱ्यात मी हौसेने बसवलेले तापमान दाखवणारे चिन्ह. कार्ड थंड झाले का हे विचारून विचारून त्याने ते गरम ठेवले होते.

हे सर्व चालू असताना मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिने पडद्यावरच्या फायली पाहिल्या, माझा चेहरा पाहिला, मग टेबलाखालचा प्लग पाहिला आणि म्हणाली, “बाबा, चार्जर लाव ना.” या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. मी तिला गणित समजावून सांगू लागलो. शहाण्णव मिनिटांपर्यंत पोहोचण्याआधीच ती निघून गेली होती.

तापमानाचे चिन्ह काढल्यावर आकडा सहावर आला. पाचाच्या वाटेवर आता दोनच अडथळे उरले होते. पॉवरटॉपच्या यादीत प्रोसेसरला सर्वाधिक वेळा जागे करणारा प्रोग्रॅम म्हणून खुद्द पॉवरटॉपचेच नाव झळकत होते, म्हणून ते बंद केले आणि मिनिटातून एकदाच गुणाकार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. उरला पडदा, जो स्वस्थ बसलेल्या लॅपटॉपमध्ये सर्वांत जास्त खाणाऱ्यांपैकी एक असतो आणि ज्याच्या बाबतीत कुठलाही ड्रायव्हर, डीमन वा कर्नल लागत नाही, उजेड कमी करण्याचे बटण पुरते. ते दाबत गेलो. सर्वांत खालच्या पायरीवर आकडा पाचाच्या खाली गेला असावा. पण तिथे पडदा इतका अंधूक होतो की तो आकडा वाचता येत नाही, आणि वाचण्यासाठी एक पायरी उजेड वाढवला की ५.२ दिसतात.