दिवाणी दाव्यात शिक्षा होत नाही म्हणे!

‘पैसे बुडवले? दिवाणीच्या नादी लागू नका, त्यात बुडव्याला शिक्षाच होत नाही. तोंडी व्यवहाराला किंमत शून्य. सहा महिन्यांपूर्वीचा बाँड म्हणजे रद्दी. थेट पोलिसात जा.’ बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज वडगावात माग चालवणाऱ्या माझ्या मावसभावाने वाचला आणि साड्यांच्या थकबाकीवर पाणी सोडायला निघाला. म्हणून हे लिहितोय.

बाँडचं, म्हणजे स्टॅम्प पेपरचं, आधी उरकतो. थिरुवेंगड पिल्लई खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2008 सालीच सांगून टाकलंय: सहा महिन्यांची मुदत आहे ती न वापरलेला स्टॅम्प परत देऊन पैसे मागण्यासाठी. तिथला करार 1980 चा होता, कागद 1973 आणि 1978 साली घेतलेले. जुन्या कागदावर शंका घेता येते, पण तेवढ्याने करार बाद होत नाही.

तोंडी सौदा? जमीन-घराला रजिस्ट्री लागते. साड्यांना नाही. 1930 चा मालविक्री कायदा तोंडी सौदा मानतो. शाबीत करताना घाम फुटतो, हे कबूल. पण माल पोचल्याच्या चिठ्ठ्या आणि ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असे व्यापाऱ्याचे मेसेज हाही पुरावाच आहे.

आता ते शिक्षेचं. अरे बाबा, शिक्षा करणं हे दिवाणीचं कामच नाही! फौजदारीत सरकार विरुद्ध आरोपी. तुम्ही फार तर साक्षीदार. दिवाणीत दावा तुमचा, तडजोड करायची की नाही तेही तुम्हीच ठरवणार. 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 नुकसान भरून द्यायला लावतं. कलम 74 सांगतं, करारात दंडाचा कितीही मोठा आकडा घाला, त्या मर्यादेत वाजवी तेवढंच मिळेल. म्हणजे सूडही नाही, दानही नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने हेच म्हटलं होतं: भल्याने बुऱ्याला लुबाडलं की बुऱ्याने भल्याला, ते पाहू नका, दोघांना सारखं धरा आणि कुणाचं किती गेलं ते बघा. व्यापाऱ्याचा बंगला आणि विणकराचे चार माग इथे एकाच मापाने मोजले जातात. हे दिवाणीचं मोल नाही तर काय?

आणि पोलिसांचं. माल घेणारा पहिल्यापासूनच फसवायच्या इराद्याने आला असेल तर फसवणुकीचा गुन्हा होतो. नुसती उधारी थकली तर नाही. वसुली हे चौकीचं काम नव्हे.

दावे रेंगाळतात, हे मात्र खरंय. नाईलाजाने मान्य. पण मुदतही चालू असते: उधारीची तारीख ठरली नसेल तर माल पोचल्यापासून तीन वर्षं. भावाचा माल गेल्या दिवाळीला गेलाय. चिठ्ठ्या घेऊन वकिलाकडे जा म्हटलंय, आणि तो मेसेज पुढे पाठवू नको.