ट्रेलर तुटल्यावर आधी वेल्डर शोधणाऱ्यांसाठी

हायवेवर बाईकमागचा ट्रेलर तुटला की आपल्या माणसाच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "वेल्डिंगवाला कुठं हाय बघ." त्यात माणूस कोल्हापूरचा असला तर विचारायलाच नको. उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत कुणी ना कुणी मामा, काका लेथवर असतोच. लोखंड तुटलं तर जोडायचं, एवढं साधं गणित. माझं मत उलटं आहे, आणि दक्षिणेच्या ट्रिपनंतर तर ते पक्कंच झालंय. तो ट्रेलर दांडीत, म्हणजे त्याला बाईकशी जोडणाऱ्या पाईपात तुटला की त्या ट्रिपपुरतं त्याचं काम संपलं. वेल्डिंग मारायचं ते पुढच्या गावापर्यंत हळूहळू न्यायला. त्या वेल्डिंगच्या भरवशावर कन्याकुमारी गाठायची नाही.

आमच्यातल्या निम्म्यांना हे अजून पटलेलं नाही. चहाच्या टपरीवर हाच वाद दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

ट्रेलर आमच्या एका दोस्तानं बनवून घेतलेला. दोन चाकं, स्कूटरची दहा इंची टायरं, चौकोनी पाईपची दांडी आणि वर पत्र्याची पेटी. रंगबिंग एक नंबर. पेटीत काय होतं तेही सांगतो, कारण पुढं त्याचा संबंध येतो. तंबू, फोल्डिंगच्या खुर्च्या, गॅसची शेगडी, एकाच्या आईनं दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी, पेट्रोलचा कॅन आणि पाने-हातोड्यांची जडशीळ पेटी. ती पेटी सगळ्यात मागं, कारण "लागली तर पटकन काढता यावी."

कागलपर्यंत डायव्हर्जन आणि सर्व्हिस रोडवर ट्रेलर पार खुळखुळला. निपाणी, बेळगाव झालं. कित्तूरच्या आसपास एका उतारावर मी मागनं बघतोय तर ट्रेलर डावीकडं-उजवीकडं डुलायला लागलेला, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. चालवणाऱ्यानं डोकं शांत ठेवलं. ब्रेक दाबला नाही, थ्रॉटल सोडला, हँडल सरळ धरून ठेवलं. वेग उतरला तसं डुलणं आपोआप थांबलं. हेच करायचं असतं. अशा वेळी जोरात ब्रेक मारला की मागचं सगळं वजन बाईकला ढकलतं आणि तिला आडवी करतं. वेग वाढवून ट्रेलर सरळ करतो म्हणणाऱ्यांनी तर ट्रेलरच्या नादाला लागू नये.

डुलण्याचं कारण त्या मागच्या हत्यारांच्या पेटीत होतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढं बाईकच्या हूकवर, म्हणजे दांडी जिथं अडकते तिथं, पडायला पाहिजे. म्हणजे भरलेला ट्रेलर ८० किलोचा असेल तर ८ ते १२ किलो. घरातला वजनकाटा हूकच्या उंचीला ठेवून त्यावर दांडीचं टोक टेकवलं की दोन मिनिटांत कळतं. भार कमी पडला तर ट्रेलर डुलतो. जास्त झाला तर तो बाईकच्या मागच्या चाकाच्याही मागं दाबतो, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर हँडल ऐकत नाही. आम्ही तिथंच पेटी पुढं घेतली, आणि त्यानंतर डुलणं बंद झालं.

पण दांडीनं तोवर खायचा तो मार खाल्ला होता. राणेबेन्नूरच्या अलीकडं खाडकन आवाज आला आणि ट्रेलर एका बाजूला वाकडा होऊन बाईकमागं लोंबकळत फरफटू लागला. सुटून मागच्या ट्रकपुढं गेला नाही तो फक्त साखळ्यांमुळं. दोन साखळ्या, दांडीखालनं एकमेकींना छेद देऊन अडकवलेल्या, त्यामुळं तुटलेलं टोक रस्त्यात रुतायच्या ऐवजी त्या झोळीत पडलं. ही अक्कल आमची नव्हे, दोस्ताच्या वडलांची. त्यांची उसाची ट्रॉली आहे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः साखळ्या लावल्या आणि एवढंच म्हणाले, "पिन निघंल रं, साखळी न्हाई निघत." हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर नेणाऱ्या माणसाला ट्रेलरबद्दल जे कळतं, ते आपल्याला कुठल्या व्हिडिओतनं कळणार नाही. (त्याच ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर का नसतात, हा वेगळा विषय. त्यावरही एकदा लिहायचंय.)

बाईक कडेला घेतली, माणसं रेलिंगच्या पलीकडं उभी केली, मागं अंतरावर जाऊन एकानं फांद्या टाकल्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लावता येतो, पेट्रोलिंगची गाडी येऊन शंकू लावून देते. आपल्याकडं आधी फोटो काढतात, मग फोन.

आता मुख्य गोष्ट. तुटलेली दांडी मी हातात घेऊन बघितली. पाईप तुटला होता तो जुन्या वेल्डिंगच्या अगदी काठाला. तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. खालच्या अंगाला काळपट गंजलेला, गुळगुळीत पट्टा, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी रेषा. वरच्या अंगाला उजळ, खरबरीत, नुकतं फाटलेलं लोखंड. फाउंड्रीत नाहीतर मशिन शॉपमध्ये काम केलेला कुणीही हे बघून सांगेल की दांडी त्या खाडकन आवाजाच्या वेळी तुटलेली नाही. तडा आधीच पडला होता आणि प्रत्येक खड्ड्याला केसाएवढा पुढं सरकत होता. शेवटी उरलेला तुकडा तेवढा एका दणक्यात गेला. धातू असाच थकून तुटतो.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की तिथं वेल्डिंग मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तडा सुरूच झाला वेल्डिंगच्या काठाला. त्याच जागी परत तापवून भर घातली की नवा काठ तयार होतो, आणि आजूबाजूच्या दोन मिलिमीटरच्या पाईपची ताकद वाढलेली नसते. "पट्टी मारू की वरनं" हा दुसरा लाडका उपाय. पट्टीखालचा भाग ताठ होतो, मग सगळं वाकणं पट्टी जिथं संपते तिथं गोळा होतं. पुढचा तडा तिथं. त्या वेळी कदाचित साखळीसकट.

वेल्डर मिळाला, चांगला होता. कानडी आम्हाला निपाणी-संकेश्वरपुरती येते, त्यावर काम भागलं. तरी दोन गोष्टी त्याला नाही, आमच्याच लोकांना ओरडून सांगाव्या लागल्या. एक, पेट्रोलचा कॅन आधी लांब न्या. दुसरी, ट्रेलरच्या दिव्यांची वायर बाईकपासून सोडवा आणि ट्रेलर बाईकपासून वेगळा करा. आर्क वेल्डिंगचा करंट अर्थिंगची वाट शोधत वायरिंगमधनं बाईकमध्ये शिरला तर एबीएस (ब्रेकचं इलेक्ट्रॉनिक्स) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडायला वेळ लागत नाही. ट्रेलर वाचवायला जाऊन बाईक घालवायची.

टाके मारून ताशी २५-३० नं ट्रेलर राणेबेन्नूर गावात आणला आणि तिथं भांडण जुंपलं. "एवढा खर्च करून बनवलाय मर्दा, टाकून जायचं व्हय?" टाकून नाहीच गेलो. कास्टिंग पोचवून कोल्हापूरला परत चाललेला एक ट्रक मिळाला, त्यात ट्रेलर चढवला. खुर्च्या, शेगडी आणि अर्धं सामान त्याच्याबरोबर परत. तंबू आणि कपडे बाईकवर बांधले. चटणीची बरणी अर्थातच आमच्याबरोबर. पुढच्या अख्ख्या प्रवासात त्या खुर्च्यांची आठवण कुणाला आली नाही.

मी ट्रेलरच्या विरोधात नाही. पाठीचा त्रास असणाऱ्याला, बायको-पोराला घेऊन निघणाऱ्याला तो सोयीचा आहे. फक्त तो डबा नसून गाडी आहे हे धरून चला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(४६) मध्ये ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे, साइडकार त्यातनं वगळलीय, आणि कलम ६१ प्रमाणे नोंदणीचं प्रकरण ट्रेलरलाही लागू होतं. उद्या कुणाला धडकला तर पहिला प्रश्न कागदांचा येणार. चाकाच्या बेअरिंगकडंही गाडीसारखंच लक्ष द्यायचं. ताशी ८० ला बाईकचं चाक मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फिरतं, दहा इंची चाक हजारभर, म्हणजे त्याच्या बेअरिंगला मार जास्त. दर थांब्याला हबला हात लावून बघायचा. हात ठेववत नसेल तर तिथंच थांबायचं.

दोस्तानं नवी दांडी उद्यमनगरात टाकायला दिलीय म्हणे, जाड पाईपची, कोपऱ्यात तिरक्या पट्ट्या देऊन. चांगलंय. साखळ्या मात्र त्याच्या वडलांकडनंच लावून घ्या. आणि पुढच्या ट्रिपला छोटं वेल्डिंग मशीनच ट्रेलरमध्ये टाकून नेऊया, ही आयडिया ज्यानं काढलीय, त्याला आज रात्री मी फोन करणार आहे. उचल म्हणावं.